सातव्या किलोमीटरची भेग

ता. २३ जानेवारी, उणे अठ्ठेचाळीस अंश

वडीलधारे मेहुणे अफानासी दादा यांस स्पिरिदोनचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनींचा खोकला थांबला का? वार्वारा (माझी बायको, पण आधी तुमची बहीण) लेकीच्या बाळंतपणासाठी नदीपलीकडे तुमच्याकडे आली, त्याला दोन महिने झाले. नातू झाल्याचं कळलं. त्याचं नाक माझ्यावर गेलंय असंही कळलं, त्याबद्दल बाळाची माफी मागतो. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे स्वतःच रांधतो आणि स्वतःच नावं ठेवतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या फोनशेजारी वार्वारा बसलेली असते.

आता मुद्द्याचं. गोठलेल्या लीना नदीच्या बर्फावरून तुमच्याकडे येणारा रस्ता तुमच्या कार्यालयानं बंद केला. हुकमावर सही तुमची आहे आणि ज्या फोटोमुळे तो निघाला तो फोटो माझा आहे. एकाच घरात एवढं कर्तृत्व क्वचितच सापडतं.

झालं असं, की तुमच्याच कार्यालयानं हिवाळ्यातल्या नदीच्या छायाचित्रांची स्पर्धा काढली. मी भूगोलाचा मास्तर, तीस वर्षं फळ्यावर नदी काढली, म्हटलं एकदा कॅमेऱ्यात काढून बघू. या थंडीत बॅटरी काखेत ऊब देऊन जगवावी लागते (वार्वारानं माझे एवढे लाड कधी केले नाहीत). डोळा लावला तर पापणी कॅमेऱ्याला चिकटली. आडवं पडल्याशिवाय चित्राला खोली येत नाही असं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून बर्फावर पालथा पडलो. तेवढ्यात आमच्या गावचा येगोर घोड्याची घसरगाडी घेऊन आला. मी गेलो असं समजून त्यानं मला पायाला धरून गाडीत टाकलं आणि टोपी काढून उभा राहिला. मी जिवंत आहे म्हटल्यावर त्याचा थोडा विरसच झाला. असो. अशा हालअपेष्टा सोसून मी ती भेग टिपली.

मग तीन दिवस लेकीनं इथंच ठेवलेल्या संगणकावर बसून चित्र सुधारलं. भेग मुळात केसाएवढी, पण केसाला बक्षीस कोण देतो? काळं आणखी काळं केलं, निळं इतकं निळं केलं की मलाच हुडहुडी भरली, कडांना धार लावली. भेगेत ट्रक मावेल असं वाटायला लागलं तेव्हा हात आवरला. अर्जात 'नेमकं ठिकाण' हा रकाना सक्तीचा होता, तिथं लिहिलं, 'नदीवरचा रस्ता, सातवा किलोमीटर'. पहिलं बक्षीस मिळालं. 'पाहणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते,' असं परीक्षकांनी लिहिलं. चौथ्या दिवशी रस्ता बंद.

आमचे गावप्रमुख प्रोकोपी यांनी सातव्या किलोमीटरला भोक पाडून बर्फ मोजला. एक मीटर दहा सेंटीमीटर जाड. आकडा कळवला, तर उत्तर आलं की आकडा छायाचित्राशी जुळत नाही. तिथल्याच धडधाकट बर्फाचा फोटो पाठवला, तर 'यात फेरफार केलेला दिसतो'. अधिकाऱ्यांनी समक्ष येऊन बघावं म्हटलं, तर रस्ता बंद असल्यानं येता येत नाही. दुकानात ट्रक आला नाही, चहा संपला. काल मात्र्योना आजी भर दुकानात म्हणाली, "ए फोटोवाल्या, आता चहापत्तीचा फोटो काढ रे! तोच उकळून पिऊ." लोक हसले. मीही हसलो. काय करणार?

ट्रक अडले, माणसं नाही. रस्त्यावर टाकलेला तुमचा अडसर जेमतेम बारा फूट लांब आणि नदी कित्येक किलोमीटर रुंद, त्यामुळे सगळा गाव घोड्यांवरून बाजूनं जातो-येतो. जाता येत नाही ते एकट्या मला. मी बर्फावर पाय ठेवला की भेग खोटी ठरली आणि बक्षीसही. दादा, खरंच सांगतो, नातवाला बघायला जीव तुटतो. रोज काठापर्यंत जातो आणि परत येतो.

बाळाला आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

तुमचा,
स्पिरिदोन

ता. क. तो सातवा किलोमीटर आमच्या अंगणात आहे. त्या दिवशी बोटं गोठली म्हणून मी नदीवरून एकही फोटो न काढता परतलो. पिण्याच्या पाण्यासाठी नदीतून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या तुमच्यासारख्याच आमच्याही भिंतीशी रचलेल्या असतात. एका लादीवर गरम किटली ठेवली, तडा गेला, तो टिपला. बर्फ नदीचाच आहे, तेव्हा स्पर्धेचा नियम मोडलेला नाही. कोपऱ्यातलं कुत्र्याचं शेपूट तेवढं पुसलं, त्या जागेला परीक्षक 'अथांग रितेपण' म्हणतात.

आणखी ता. क. हुकूम मागे घ्या. पुरावा म्हणून भेग पाठवा म्हणाल तर जमणार नाही, मंगळवारी तिचा माशाचा रस्सा करून मी प्यालो. 'भेग आपोआप भरून निघाली' असं कारण लिहिलंत तर माझी अब्रू राहील. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.

शेवटचा ता. क. पत्र न्यायला येगोर आलाय. वार्वाराचा निरोप त्यानं जसाच्या तसा सांगितला: "पोरगा आता माणसं बघून हसायला लागलाय. येगोरला बघून हसला. तू बस तिथंच." दादा, हुकमात काय लिहायचं ते लिहा, खरं लिहिलंत तरी चालेल. पत्र येगोरकडे देत नाही, मीच घेऊन निघालोय, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, अडसराला वळसा घालून. मात्र्योना आजी काठावर उभी आहे, ती काय बोलेल ते ऐकून घेईन. सुरुवातीलाच लिहायला हवं होतं ते आता लिहितो: पत्र नंतर वाचा, आधी बाळ माझ्या हातात द्या.