करंगळीची बटणं

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय रफिक,

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. गेल्या आठ महिन्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, मेसेजलाही उत्तर नाही, म्हणून हा जुना मार्ग धरला. सुमैय्याला बजावून ठेवलंय की पत्र बापाच्या हातात दे, तो वाचत नाही म्हणाला तर तूच मोठ्यानं वाच, आणि दाराशी खुर्ची टाकून बस म्हणजे त्याला उठून जाता येणार नाही. तुझी लेक माझं ऐकते. फोन उचलत नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. रागावले होते ते वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती गोष्ट बत्तीस वर्षांपूर्वीची आहे. ती आता सांगते.

बर दुबईच्या आपल्या शिपिंग ऑफिसातला माझा कीबोर्ड तुला आठवत असेलच. अडीच किलो वजन, खाली लोखंडी पत्रा आणि प्रत्येक बटणाला टक्क असा आवाज. मी बिलं टाइप करायला बसले की कुरियनसाहेब आपल्या केबिनचं दार लावून घ्यायचे. कंपनी बंद झाली तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, कपाटं नेली, आणि मी तेवढा कीबोर्ड उचलून करामा भागातल्या घरी आणला. धनंजय म्हणाला होता, ही वीट कशाला आणलीस. तो गेल्यावर मी पुण्याचं घर आवरून इकडे लेकाकडे, सुजीतकडे राहायला आले, तेव्हाही ती वीट माझ्या बॅगेत होती. विमानतळावर सामान जड झालं, तर मी लोणच्याची बरणी काढून ठेवली पण वीट ठेवली. यावरून काय ते समज.

तर या वर्षी सुजीतच्या डोक्यात आलं की हाच कीबोर्ड जसाच्या तसा पुन्हा बनवायचा. नोकरीत तो कंपन्यांसाठी दिवे आणि खुर्च्या डिझाइन करतो, हे त्याचं घरचं वेड. असे जुने कीबोर्ड जमवणारे लोक जगभर पसरलेत, हे मला त्याच्यामुळे कळलं. त्यानं माझी वीट डायनिंग टेबलावर घेतली आणि आम्ही चार महिने हातात ताट घेऊन सोफ्यावर जेवलो. बाहेरून ती पिवळी पडलीये, पण बटणं उपटल्यावर खाली, जिथे कधी ऊन पोचलं नाही, तिथे मूळचा रंग तसाच होता, दुधाळ चहासारखा. तो रंग मिळवायला त्यानं अकरा नमुने करून घेतले. उम्म अल कुवैनच्या एका वर्कशॉपमध्ये साचा बनत होता, दर शनिवारी गाडी काढून तिकडे. आत सगळं आजचं, वायर आजची, फोनलाही जोडता येतो. पण हात ठेवला की तोच वाटला पाहिजे, एवढा त्याचा हट्ट.

सगळ्यात मजा आली ती वजनाची. बटण किती जोरानं दाबलं की खाली जातं हे मोजायला यंत्र मिळतं, पण या वेड्यांची जुनी रीत म्हणजे बटणावर एकेक नाणं रचत जायचं. सुजीत आणि शुभ्रा, म्हणजे माझी नात, दिरहमची नाणी घेऊन बसले. मी जवळ गेले की पोरगी, आज्जी डोन्ट टच, आय ॲम काउंटिंग. जवळजवळ सगळी बटणं अकरा-बारा नाण्यांना खाली गेली. पण उजव्या टोकाची सहा, करंगळीनं दाबायची, ती सहा-सात नाण्यांतच बसली. सुजीतनं तीनदा मोजलं आणि मग उठून घरभर फिरला. म्हणाला, आई, धिस इज जीनियस, त्या काळच्या लोकांनी कमजोर बोटाचासुद्धा विचार केला होता. डाव्या करंगळीनं काय पाप केलं, असं मी विचारलं, तर म्हणे एन्टर आणि बॅकस्पेस दोन्ही उजवीकडे, खरा मार तिलाच बसतो. त्यानं तसं आपल्या वेबपेजवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दोन प्रकारच्या स्प्रिंगा बनवायला टाकल्या, आणि एकशे नव्वद लोकांनी त्या हलक्या बटणांवर भाळून विकत घ्यायला नाव नोंदवलं.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी माझ्याच गोष्टीत रमले होते. तू जाणतोस ती गोष्ट. त्र्याण्णव साली ऑफिसच्या पिकअपचं दार माझ्या उजव्या करंगळीवर आपटलं, टाके पडले, आणि तीन आठवड्यांनीही एन्टर दाबलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. धनंजयची कंपनी नुकतीच बंद पडली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. कुरियनसाहेबांनी सांगितलं, शनिवारी सकाळी टेस्ट, मिनिटाला पंचेचाळीस शब्द, नाहीतर एजन्सीतून दुसरी टायपिस्ट. गुरुवारी मी पँट्रीत तुझ्यासमोर रडले आणि तू माझ्या चहात दुसरा चमचा साखर घातलीस. शुक्रवारची सुट्टी मी घरी पोळपाटावर बोटं आपटत काढली. आणि शनिवारी मी छप्पन्न शब्द टाइप केले. बोट दुखलं, पण सोसवेल इतकंच. त्या दिवसापासून ही गोष्ट मी सांगत आले आहे. हळदीकुंकवाला सांगितली, सोसायटीच्या गणपतीत माइकवरून सांगितली, आणि सुजीतला तर इतक्या वेळा, की तो अभ्यासाला कंटाळला की मी नुसती करंगळी वर करायची. जिद्द असली की मोडकं बोटही चालतं, हे माझं ब्रह्मवाक्य.

गेल्या महिन्यात जर्मनीतल्या एका माणसानं हाच कीबोर्ड, त्याच वर्षाचा, उघडून फोटो टाकले. त्याच्या सगळ्या स्प्रिंगा एकसारख्या. मग आणखी दोघांनी तेच केलं. सुजीत खोटं सांगून माल विकतो, असं लोक लिहायला लागले. पोरगा तीन दिवस जेवला नाही नीट. वर्कशॉपला पैसे गेलेले, स्प्रिंगा तयार, आणि ज्या लोकांत त्याचं नाव होतं तिथेच नाचक्की. शेवटी त्यानं वीट पुन्हा उघडली, या वेळी पत्रा पूर्ण काढून. त्या सहा स्प्रिंगा वेगळ्याच निघाल्या. बारीक, एका बाजूनं पक्कडीनं कापलेल्या, आणि एकीवर निळ्या शाईचा डाग. पत्र्याच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली. १२-११-९३, आर. एम.

रफिक मुकादम, तुझी ती सवय. जे मशीन उघडशील त्याच्या पोटात तारीख आणि आद्याक्षरं. कुरियनसाहेब म्हणायचे, हा मेकॅनिक नाही, मशीनची पत्रिका मांडणारा भटजी आहे. शुभ्रानं फोनवर बघून सांगितलं की त्या तारखेला शुक्रवार होता. टेस्टचा आदला दिवस. म्हणजे सुट्टीच्या दिवशी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, कोणाला न विचारता तू ऑफिसात बसलास. कुरियनना कळलं असतं तर माझ्याआधी तू गावी, म्हसळ्याच्या वाटेला लागला असतास.

आणि मग मला ती पेनं आठवली. त्या शनिवारी ऑफिसातलं एकही बॉलपेन टकटक करेना. दाबलं की दांडी आत, ती बाहेर येईचना. कुरियननी खिशातलं फेकलं, टेबलावरचं फेकलं, आणि मला म्हणाले, नाऊ टाइप अ स्ट्राँग लेटर. करामाच्या स्टेशनरीवाल्याला मी असं खरमरीत पत्र लिहिलं की बिचारा संध्याकाळी स्वतः नवीन डबा घेऊन हजर. टेस्टच्या छप्पन्न शब्दांनंतर त्या कीबोर्डवर टाइप झालेलं पहिलं पत्र ते. तू माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होतास, आणि मी तुला विचारलं होतं की डिफेक्टिव्ह बरोबर लिहिलंय ना. तू म्हणालास, एकदम बरोबर, ताई. तुझ्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

खरं सांगते, दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. माझी बत्तीस वर्षांची फुशारकी तू सहा स्प्रिंगांत संपवलीस. मी कोणाकोणाला उपदेश केला ते आठवून कानशिलं तापायची. सुजीतला म्हटलं, तुला खोटी गोष्ट सांगून वाढवलं रे मी. तो म्हणाला, बोट तर तुझंच होतं ना आई, आणि छप्पन्न शब्दही तूच टाइप केलेस, फक्त तू एकटी नव्हतीस. हे माझ्या पोटातून बाहेर आलेलं पोर मला शिकवतंय. तिसऱ्या दिवशी राग गेला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आम्ही या देशात राहिलो, सुजीतची शाळा सुटली नाही, धनंजयला सावरायला वेळ मिळाला, ते तू एका शुक्रवारी पक्कड घेऊन बसलास म्हणून. मी तुला साधं थँक यू म्हटलेलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आज म्हणते. रफिक, तुझे उपकार माझ्या घरावर आहेत, आणि ते सांगताना मला जराही कमीपणा वाटत नाही.

सुजीतनं वेबपेजवर सगळं खरं लिहिलं, पट्टीचा फोटो टाकला, ज्याला नको त्यानं नाव काढावं म्हणाला. एकोणीस जणांनी काढलं. बाकीच्यांनी कळवलं, हलकी बटणं राहू देत, आणि पट्टीही हवी. आता प्रत्येक कीबोर्डच्या पोटात तुझी ती तारीख आणि आर. एम. छापून जाणार आहे, तुझी हरकत नसेल तर. हरकत असेल तर तसं कळव, पण कळव.

आता मुद्द्याचं. सुमैय्यानं मला सगळं सांगितलं आहे, तिला रागावू नकोस. मार्चमधला झटका, उजवा हात, बोलताना अडणारे शब्द. डॉक्टर बोटं हलवा म्हणतात आणि तू हात टॉवेलखाली झाकून बसतोस, असं ती रडत म्हणाली. या पाकिटासोबत खोकं आलंय, त्यात पहिला कीबोर्ड आहे, एक नंबरचा. याची सगळीच्या सगळी बटणं हलकी आहेत, चार नाण्यांत खाली जातात. स्प्रिंगा कारखान्याच्या नाहीत. करामाच्या त्याच दुकानात गेले, म्हातारा अजून गल्ल्यामागे बसतो, त्याला खरं काय ते सांगून माफी मागितली. खलास बहनजी, केस क्लोज, म्हणाला, आणि हसत हसत शंभर बॉलपेनं बांधून दिली. मी आणि शुभ्रानं एकेक उघडून स्प्रिंग काढली, सुजीतनं बसवली, आमच्या घरात आता एकही पेन चालत नाही. पत्र्याच्या आत पट्टी आहे, तारीख आणि माझी आद्याक्षरं. तुझ्यासारखं बत्तीस वर्षं गप्प बसणं मला जमायचं नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. सुमैय्या, टॉवेल बाजूला कर आणि तो फोनला जोडून दे. रफिक, नुसतं ताई एवढंच टाइप कर आणि करंगळीनं एन्टर दाब. चुकलं तरी चालेल. टेस्ट शनिवारी नाही, हवा तेवढा वेळ घे, मी फोन हातात घेऊन बसले आहे.

तुझीच,
पेनांची खोटी तक्रार करणारी
अनुपमाताई