शेकोटीवरची लाल चिठ्ठी

स्किप्टन,
१२ फेब्रुवारी

चि. ग्लेन यास,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. गेली दोन वर्षं तुझ्या वाढदिवसाच्या कार्डावर मी हेच वाक्य सवयीने खरडत आले. आज ते खरं आहे म्हणून लिहिते.

तिकडे कार्लाइलला बर्फ पडतोय, असं मेव्हिसआत्या सांगत होती. दोन मोजे घालत जा. इकडे नुसती झिमझिम. शेजारच्या थ्वेटबाईंनी मांजर पाळलंय, खातं त्यांच्याकडे आणि झोपतं आमच्या उंबऱ्यावर.

आता बातमी. पुढच्या खोलीतली गॅसची शेकोटी बदलली. दचकू नकोस, रीतसर बदलली. इम्तियाज नावाचा परवानेवाला फिटर आला होता, तुझ्याच वयाचा, तुझ्याच धंद्यातला. त्याने आधी ओळखपत्र दाखवलं, मगच बूट काढले. धुराडं साफ करायला माणूस आणला, तर आतून कावळ्यांच्या घरट्याच्या दोन पोती काटक्या निघाल्या! मग वरपासून खालपर्यंत पोलादी नळी सोडली, टोकाला जाळीची टोपी बसवली, भिंतीवर विषारी वायूची सूचना देणारा भोंगा लावला. तुझे बाबा मागे मागे फिरत होते. "ही पट्टी तिरकी आहे," म्हणाले. इम्तियाज म्हणाला, "काका, तिरकी तुमची भिंत आहे." दोघांचं चांगलं जमलं.

हे सगळं कशामुळे घडलं ते सांगायला हवं. गुडघा धरल्यापासून बाबा दिवसभर त्या खोलीतच शब्दकोडं घेऊन बसायचे. डिसेंबरपासून त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग विसरायला लागले. किटली फ्रिजमध्ये ठेवली. एकदा मला मेव्हिस म्हणून हाक मारली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाच्या तपासणीची तारीख घेऊन दिली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हा माणूस मला ओळखणार नाही, हेच डोक्यात घोळत होतं.

मग जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही मळ्याच्या तुकड्यावर लीकची भाजी काढायला गेलो. तिथे दोन तास ते माझ्याशी खत कुठलं घालायचं यावरून हमरीतुमरीवर आले. अगदी पूर्वीसारखे, एक शब्द अडखळला नाही. घरी आलो, तासभर शेकोटीपुढे बसले आणि मला विचारलं, "लीक काढायला कधी जायचं गं?" टोपली समोर होती, ग्लेन.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी गॅसची कळ बंद केली, खिडक्या उघडल्या, त्यांना धरून बागेत नेलं आणि रुग्णवाहिकेला फोन केला. रक्तात शेकोटीचा विषारी वायू सापडला. इस्पितळात प्राणवायू दिला. तीन आठवड्यांनी आता शब्दकोडं ते पेनाने सोडवतात. तपासणीची तारीख डॉक्टरांनी स्वतःच रद्द केली. मला इतकं हलकं वाटतंय की भांडी घासताना गुणगुणते. तुझे बाबा शाबूत आहेत रे!

पत्र इथेच संपवणार होते. पण परवाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

काम झाल्यावर इम्तियाजने दारं-खिडक्या लावून घेतल्या, स्वयंपाकघरातला पंखा चालू केला आणि धुराची काडी पेटवून शेकोटीपाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला. बाबा म्हणाले, "माझ्या मुलाने हेच केलं होतं, दोन वर्षांपूर्वी, नाताळात. तेव्हा धूर खोलीत आला. त्याने गॅस बंद करून लाल चिठ्ठी बांधली होती. वापरू नका म्हणून." इम्तियाजने विचारलं, "मग चिठ्ठी काढली कोणी?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "मी."

त्यांनी नव्हती काढली, ग्लेन. मी काढली.

दुसऱ्या दिवशी मेव्हिस सगळं गोकुळ घेऊन येणार होती. पुढची खोली गार, आणि नणंदेला स्वयंपाकघरात बसवायचं? मला लाज वाटली. कात्रीने दोरी कापली, कळ सोडली, पेटवली. म्हटलं, एका दुपारीने काय होतंय. तू विसरलेली हत्यारांची पिशवी न्यायला परत आलास आणि पेटलेली शेकोटी पाहिलीस. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "माझं घर आहे, मी काढली." तू म्हणालास, "मग मरा." आणि गेलास. मी हातातली केकची बशी खाली ठेवली आणि दार लावून घेतलं.

तू गेल्यावर मी म्हटलं, त्याला खरं सांगते. ते म्हणाले, "राहू दे. माझ्यावर चिडलाय, निवळेल. तुझ्यावर चिडला तर घरी यायचाच बंद होईल." पण तू त्यांच्यावर चिडूनही यायचा बंद झालास. आणि तुझी चिठ्ठी खोटी होती असं स्वतःला पटवायला मी ती शेकोटी दोन हिवाळे जाळत राहिले. त्याची किंमत ते मोजत होते.

हे पत्र लिहितेय ते त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा "राहू दे" म्हणाले असते.

राग धरायचा असेल तर माझ्यावर धर, हवा तितका, हवा तितकी वर्षं. तुझं बरोबर होतं. पण त्यांना फोन कर. ते हवापाण्याचं बोलतील, मळ्यातल्या लीकचं बोलतील, बाकी काही बोलायचे नाहीत. तरी कर. तुझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं शेवटचं वाक्य "मग मरा" हे आहे, आणि ते जवळजवळ खरं झालं होतं. त्यांना तुझं दुसरं काहीतरी ऐकू दे.

तुझ्या रागाची खरी धनी,
आई