दहाच्या दहा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
बोटं उठली न्हाईत! दहातलं एकबी न्हाई.

व्हिसासाठी मुंबईला आलोय. सौदीतल्या दम्मामच्या कंपनीचं पत्र हातात, ट्रेड टेस्ट पास, मेडिकल चोख — आन् आडलं कुठं, तर काचेवर बोट ठेवायचं तिथं. लाल दिवा. पुसून ठेवलं, लाल. फुंकर मारून ठेवलं, तरी लालच. खिडकीतली पोरगी म्हणली, "काका, रेषाच नाहीत तुमच्या बोटांना. काय काम करता?"
"इलेक्ट्रिशियन."
"मग बरोबर."
काय डोंबलाचं बरोबर! बावीस वर्षं वायरी सोलल्या, त्या बसवायला भिंतीत झिऱ्या मारल्या, सिमेंट थापलं. त्याचं हे बक्षीस.

५ फेब्रुवारी, बुधवार
येताना गेवराईत उतरून एजंट अजीजभाईला भेटलो. म्हणला, "तीन हफ्ते हात को आराम देव. ग्लिसरीन लगाव. तार को हात लगाना नै. चोबीस तारीख लिया हूं. आखरी मौका समझो, पैंतालीस के बाद कोई लेता नै." मला चव्वेचाळीस संपत आलं.

तलवाड्यात घरी आलो तर बायको यशोधरा हसतीय — "बसा आता हळद लागलेल्या नवरदेवावानी!" घमेलंसुदा उचलू देत न्हाई.

८ फेब्रुवारी, शनिवार
सगळी कामं पवनकडं लावून दिली. धाकटा भाऊ, माझ्याच हाताखाली शिकला. "दादा, तू गेल्यावर तलवाड्याचा साहेब मीच," म्हणतो. हो बाबा!
बोटांचे पापुद्रे निघाय लागले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पवन आज टेस्टर घरीच ठेवून कामाला गेलता. आई लई वराडली. त्यो म्हणतो कसा, "दादानं कधी वापरला का?"
खरं हाय. वायरीत करंट हाय का न्हाई, मी उलट्या बोटानं बघतो. झिणझिणलं की कळतं. त्यालाबी मीच सांगितलं — टेस्टर घेऊन फिरतो त्यो नवशिका! ट्रेड टेस्टला साहेबानं यावरूनच झापलंतं, "वहाँ ऐसा किया तो उसी दिन वापस." मी हसण्यावारी नेलं.
पवनला एकदा सांगाय पायजे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रेषा आल्या! योगितानं भिंगातून बघितलं, "पप्पा, बारीक बारीक दिसतात!" पोरीला नर्सिंगला घालायचंय. होईल आता. लई दिवसांनी पोटभर जेवलो.

सांजच्याला चकलांब्याच्या हनुमानचा फोन. विहिरीवरची मोटर बंद, कांदा सुकतोय. "तूच ये बे, माझा पवनवर भरवसा न्हाई." म्हणलं, माझे हात बांधलेत, उद्या त्योच येईल.
सोबत जावं वाटत हुतं. पण तिथं गेलो की हात शिवशिवणार. न्हाईच जात.

१६ फेब्रुवारी, रविवार
पवन गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार
हनुमाननं आज सगळं सांगितलं. लाईट गेलती. पवननं स्टार्टर खोलला. वाफ्यात चिखल, म्हणून चपला बांधावर काढलेल्या. काम करता करता म्हणला, "लाईट आली का बघतो." आन् उलटं बोट लावलं.
आली हुती.
खिशात टेस्टर हुता. आईनं सकाळी स्वतः घातलेला.

पवनच्या बायकोला, चैतालीला, सातवा महिना हाय. आज म्हणली, "दादा, तुमी तर बावीस वर्षं असंच करता. मग तुमाला कावून काई झालं न्हाई?"
मी पायातली रबरी चप्पल कधीच काढत न्हाई, म्हणून. हे पवनला सांगितलंच न्हाई कधी. वाटलं, बघतोय की त्यो. तिच्यापुढनं उठून गेलो.
मीच मारला त्याला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
जलदान विधी झाला. त्रिशरण झालं. फुलं वाहिली तवा सगळ्यांनी माझे हात बघितले असं वाटलं. मऊ पडलेत, बाईमाणसावानी.
अजीजभाई आलते. म्हणले, "अब दो घर है तुमारे सर पे. जाना तो पडेगा." आई भिंतीला टेकून बसलेली. इतकंच म्हणली, "जायचं तर जा. मला इचारू नको."

२४ फेब्रुवारी, सोमवार
मुंबई. पहिल्याच झटक्यात उठली. दहाच्या दहा. हिरवा दिवा.
तीच पोरगी. म्हणली, "काका, छान आराम दिलात हो हातांना!"
बाहेर येऊन यशोधराला फोन केला. सांगितलं — न्हाई उठली.