सरळ जा म्हणाले, म्हणून गेले

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर ऐकते आहे तोवर वाकून, पुढच्या खेपेला नुसती मान लववीन). तुमचा गुडघा काय म्हणतो? मागच्या पत्रात उजवा दुखत होता, त्याच्या आधीच्या पत्रात डावा, म्हणजे आळीपाळीने कुरकुरतात असं दिसतं. दोघांनी एकदम संप केला नाही हेच नशीब. खोकला कमी असेल. शेजारीण सुधारली नसेल, हे मी धरूनच चालते. इकडे सगळी खुशाल. मी तर इतकी खुशाल आहे की सूनबाई परवा विचारत होती, आई, डॉक्टरांनी नवीन गोळ्या दिल्यात का? गोळ्या कसल्या, वन्सं, मी मोटार चालवायला शिकते आहे. म्हणजे शिकत होते. तेच सांगायला बसले आहे. तुम्हीही जरा टेकून बसा, मला थोडक्यात लिहिता येत नाही. शिकलेली माणसं दोन ओळींत आटपतात, आमच्यासारख्यांना सगळंच सांगावं लागतं.

तर झालं असं की क्लासात नाव सूनबाईचं घातलं होतं. आयत्या वेळी तिची कामाची पाळी बदलली आणि सकाळी दारात गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली. मी निरोप द्यायला खाली गेले, की बाई, आमची सून काही येत नाही. शिकवणाऱ्या बाई आत बसल्या होत्या (आम्ही सगळे त्यांना मास्तरीण म्हणतो, अंगाने भक्कम, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात सदा लवंग). त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही बसा, जागा रिकामी कशाला न्यायची?" मी पायात घरातल्या सपाता, बोटांना कणीक, तशीच बसले. घरी आमटी गॅसवर होती ती जळली, पण ती कधी ना कधी जळणारच होती. दुसऱ्या दिवसापासून सूनबाईच्या जागी माझंच नाव लागलं.

गाडीत आम्ही तिघं शिकणारी. एक दातांचे डॉक्टर, जे लोकांच्या दाढा हसत हसत उपटतात पण समोरून सायकल आली की डोळे मिटून घेतात. दुसरी एक लग्न ठरलेली मुलगी, तिला स्वतःच्या लग्नाला स्वतः गाडी चालवत जायचं आहे (नवऱ्यामुलाने बरोबर बसायला होकार दिला, म्हणजे मुलगा चांगला असावा). एकाने चालवायचं, दोघांनी मागे बसायचं, मग पाळी बदलायची. वन्सं, खरं सांगू, मागे बसण्यातच निम्मी मजा. संत्री सोलायची, पुढच्याला सूचना करायच्या, मुलीच्या सासूची आगाऊ चौकशी करायची, डॉक्टरांना फुकटात दात दाखवायचे. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कुठेही जायचं नसतं! फाटकातून निघायचं, गावभर हिंडायचं आणि त्याच फाटकात यायचं. पोचायचं कुठे नाही, म्हणून उशीरही होत नाही.

आता यावरून तुमच्या भावाची आठवण निघणारच. निंदा नाही करत हो, तुमचे बंधू सोन्यासारखे होते, पण त्यांच्याबरोबर प्रवास म्हणजे पाठीमागे वाघ लागल्यासारखा. गाडी दुपारची असली तर आम्ही सकाळीच स्टेशनात. लग्नाला असे लवकर पोचायचो की एकदा मांडववाल्याने ह्यांना खुर्च्या लावायला घेतलं होतं. आणि वाटेत काही दिसलं, एखादं तळं, बाजार, झाडावर बसलेले पांढरे पक्षी, आणि मी म्हटलं, अहो जरा थांबू या का, की उत्तर ठरलेलं. येताना बघू. येताना अंधार असायचा, नाहीतर दुसऱ्याच रस्त्याने आलेलो असायचो. संसारभर मी कितीतरी गोष्टी येताना बघायच्या म्हणून मागे ठेवल्या. (तुम्ही म्हणाल, वेळच्या वेळी पोचलात ना? पोचलो, वन्सं. पोचून काय केलं ते आठवत नाही.)

माझं चालवणं म्हणाल तर पहिले काही दिवस वळायचा दिवा लावायला जावं तर काच पुसणारे हात हलायचे. चांगलं कडक ऊन, आणि आमच्या काचेवर खराट्यासारखी खरखर. रस्त्यातली माणसं वर आभाळाकडे बघायची. मग एकदा चौकातल्या गोल बागेला वळसा घालायचा होता, तर वळसा जमला पण बाहेर पडणं काही जमेना. दर वेळी बाहेरचा रस्ता आला की डाव्या बाजूने कोणीतरी उगवे, आणि मी सभ्यपणे पुढे. बागेतला माळी फुलांना पाणी घालत होता, त्याला आम्ही पुनःपुन्हा दिसू लागलो. पहिल्यांदा त्याने बघितलं, मग हात केला, शेवटी नळी खाली ठेवून ओरडला, "आजी, बाहेर पडायचंय की इथंच मुक्काम?" डॉक्टर मागे डोळे मिटून बसले होते, ते म्हणाले, पोचलो का? अशी हसलो आम्ही सगळी, की माझा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी तिथेच आचका देऊन बंद पडली. माळ्याने जास्वंदीची फांदी आणून दिली. ती कुंडीत लावली, धरली आहे.

एक मात्र माझा समज होता की गाडी फार समजूतदार आहे. समोर म्हैस आली की आपली आपण थांबते, उतारावर आपली आपण सावरते. मी घरी सगळ्यांना सांगितलंही, की हल्लीच्या गाड्यांना जीव असतो. मग एक दिवस माझी चप्पल शोधायला वाकले तेव्हा कळलं, की मास्तरणीच्या पायाशीसुद्धा वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच आहे आणि इतके दिवस अर्धी गाडी त्याच चालवत होत्या, लवंग चघळत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. मी लटकंच रागावले. त्या म्हणाल्या, "पोळी लाटायला शिकवताना आईचा हात असतोच की लाटण्यावर."

पण सुखाला दृष्ट लागतेच. शिकायची मुदत केव्हाच संपली होती, तरी मी आज डोळा चुरचुरतो, उद्या धीर होत नाही, असं करत परीक्षा पुढे ढकलत होते. चिरंजीवांना वास लागला. तुमचा भाचा अगदी बापावर गेला आहे. जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला, "आई, तुला जायचंय तरी कुठे?" मी म्हटलं, कुठेच नाही. "मग या महिन्यात परीक्षा दे आणि संपव एकदा. पास झालीस तर शिकायचं काय राहिलं? नापास झालीस तर शिकून उपयोग काय?" बघा की हो! पास झाले तरी क्लास बंद, नापास झाले तरी क्लास बंद. कोर्टातसुद्धा असा निकाल लागत नसेल. मी त्या दिवशी ताक न पिता उठले.

परीक्षेच्या दिवशी नियम असा, की मास्तरणीने परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर थांबायचं आणि तिच्या जागी परीक्षा घेणारे साहेब बसायचे. साहेबांना सर्दीने पुरतं गाठलं होतं, नाक लाल, हातात रुमाल. बसल्याबसल्या एक गोळी तोंडात टाकली. आठाच्या आकड्यासारखी गाडी फिरवून झाली, चढावर थांबवून झाली, मग रस्त्यावर काढली. साहेब म्हणाले, "सरळ जा." मी सरळ गेले. पुढे काही बोलेनात. मला वाटलं, मोठी माणसं मोजकं बोलतात. चौक आला, सरळ. पूल आला, सरळ. मास्तरणीची ताकीद होती की नजर समोर ठेवायची, म्हणून मी शेजारी बघितलंच नाही.

गाव संपत आलं तिथे आरसे विकणारा बसतो. रस्त्याच्या कडेने माणसाएवढे आरसे ओळीने उभे, एकात आभाळ, एकात झाड, एकात समोरच्या दुकानाची पाटी. आणि त्या प्रत्येक आरशात, वन्सं, मी! चाक धरून बसलेली, ताठ, पदर खोचलेला. क्षणभर मला वाटलं, कोण ही बाई, काय ऐटीत चालली आहे. आणि दर आरशात माझ्या शेजारी साहेब, मान मागे टाकून, तोंड उघडं, गाढ झोपलेले. पाय पुढे पसरलेले, पायाखालच्या ब्रेकशी काडीचा संबंध नाही.

म्हणजे गाडी मी चालवत होते. एकटी मी! मी गाणं म्हणायला लागले, हळू आवाजात, साहेबांची झोप मोडू नये म्हणून. उठवायला हवं होतं का? पण झोपलेल्याला उठवू नये, आणि हुकूम तर स्पष्ट होता. त्या आरशांपाशी थांबावंसं फार वाटलं. परीक्षा आहे म्हणून थांबले नाही, आणि लगेच जीभ चावली, कारण मनातल्या मनात मी म्हटलं होतं, येताना बघू.

सरळ जाता जाता रस्ताच संपला. पुढे पाणी, काठाला नावा बांधलेल्या, एक माणूस जाळं वाळवत बसलेला. मी ब्रेक दाबला, माझी मी. साहेब दचकून उठले, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आलो कुठे आपण?" मी म्हटलं, तुम्ही सरळ सांगितलंत, आता याच्यापुढे सरळ जायचं तर नावेला विचारावं लागेल. ते आधी घाबरले, मग हसू लागले, हसता हसता शिंकू लागले. म्हणाले, "आजी, हे कुणाला सांगू नका." मी कशाला सांगते? (तुम्ही घरच्या, तुम्हाला सांगितलं ते सांगितल्यात धरत नाहीत.)

तिथे काठावर बसून दोघांनी माझ्या पिशवीतली संत्री खाल्ली आणि मी त्यांना माझी अडचण सांगितली. म्हटलं, साहेब, पास नको, नापासही नको, तिसरं काही देता येतं का? त्यांनी खरोखर विचार केला. तिसरं काही नसतं म्हणाले. "आणि नापास कुठल्या तोंडाने करू? झोपलेल्या माणसाला न उठवता इथपर्यंत आणलंत, याहून चांगली परीक्षा कोणती?" झालं, पास! येताना मी आरशांपाशी थांबलेच. उजेड चांगला होता. साहेबांनी एका आरशात मिशा नीट केल्या, मी प्रत्येक आरशात स्वतःला बघितलं, आरसेवाला म्हणाला काही घेणार का, मी म्हटलं, नको, बघून झालं.

फाटकाशी मास्तरणीने सगळ्या लवंगा संपवल्या होत्या, डॉक्टर पांढरेफटक पडले होते. पास म्हटल्यावर लग्न ठरलेल्या मुलीने मला उचललंच. मास्तरीणबाईंनी पहिल्यांदाच चष्मा काढला. डोळे पुसून म्हणाल्या, धूळ फार आहे हो या रस्त्याला. घरी चिरंजीव पेढे घेऊन आले, "सुटलीस बाई एकदाची!" मी दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासची गाडी आमच्या दारावरून गेली, सवयीने भोंगा वाजला, आणि मी सवयीने जिना उतरून खाली. गाडी थांबली नाही. डॉक्टर चालवत होते, त्यांना थांबवणं अजून जमत नाही.

असो. लहानांना आशीर्वाद, शेजारणीला काही नाही. औषध वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता.क. लायसन टपालाने आलं. फोटोत मी कुणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसते. ते कुठेतरी नीट ठेवलं, आता सापडत नाही. शोधायची घाई नाही.

ता.क. आणखी एक. चौकशी केली, क्लासाचा एक नियम फार सुंदर आहे. शिकणारं माणूस वयस्कर असेल तर त्याच्या सोबतीला घरचं एक माणूस रोज मागच्या सीटवर बसू शकतं. तुमचं वय नियमात चपखल बसतं. गुडघ्यांना क्लच दाबायचा व्यायाम चांगला, असं दातांचे डॉक्टरही म्हणाले.

ता.क. शेवटचं. तुमचं नाव घातलं आहे. सोमवारपासून या, रमतगमत जाणाऱ्या गाडीने या, वाटेत काही दिसलं तर उतरा. संत्री मी आणीन. फक्त एक पाया पडून मागणं आहे, वन्सं. तुमच्या माहेरची ती घाई ठाऊक आहे मला. घाईघाईने पास होऊन मला तोंडघशी पाडू नका.