आजोबांचे ढग माझ्याकडे आहेत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेमतेमच वाकलो असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? गेलाच असेल. ज्या घराचं सगळं गाव कौतुक करतंय, तिथं खोकला तरी कुणाकडे लक्ष मागणार!

हो, जळतो मी. आणि उघड जळतो. आतल्या आत धुमसणं हा भित्र्यांचा उद्योग आहे. आजोबांनी कॅमेऱ्यातल्या काचांवर (तेव्हा फिल्मच्या जागी काच असे) टिपलेली शेतं, टेकड्या, तळी, सगळी पेटीच्या पेटी वाटणीत तुला मिळाली. मला काय, तर एक काच, तीही नुसत्या ढगांची. खाली ना झाड, ना झोपडी. आत्या म्हणाली, "फसलेली दिसतेय रे, पण असू दे आठवण म्हणून." तू तुझ्या काचा मऊ ब्रशने झाडल्यास, एकेक कागदात गुंडाळल्यास, त्यांवरून नवे फोटो छापून प्रदर्शन भरवलंस, आणि आता भाजीवालासुद्धा मला विचारतो, "तुम्ही ताईंचे भाऊ ना?" (मी इतकी वर्षं सभा गाजवल्या त्या कुणासाठी?)

म्हणून परवा प्रदर्शनात आलो तो चुका काढायलाच. आणि सापडली की! तुझ्या प्रत्येक फोटोत आकाश कोरं, पांढरंफटक. शेजारी आजोबांनी स्वतः छापलेले दोन जुने फोटो, त्यांत मात्र ढगच ढग. मी स्टुलावर चढलो. वारशाची विटंबना, इतिहासाची चोरी, जाब विचारण्याचा नागरिकाचा हक्क, काही म्हणून सोडलं नाही. तू रडवेली झालीस, तेव्हा (खोटं कशाला बोलू?) मला फार बरं वाटलं. आजोबांच्या एका फोटोतला तळ्यावरचा, बसलेल्या उंटासारखा ढग मी लोकांना दाखवला. मग दुसऱ्यातल्या टेकडीवरच्या ढगाकडे हात केला, तर तिथंही तोच उंट! तीच मान, तेच कुबड. माझी वाचाच बसली. लोकांना वाटलं भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात पहिल्यांदा टाळ्या टोचल्या.

कारण तो उंट माझ्या कपाटात आहे, ताई. मग पुस्तकं पालथी घातली. त्या काळच्या काचांवर जमीन नीट आली की आकाश कोरं राहायचं. म्हणून आजोबा खालची जमीन एका काचेवरून छापत आणि वरचं आकाश माझ्या काचेवरून. तुझी सगळी गावं माझ्या एका ढगाखाली नांदत होती!

तरी काच मिळणार नाही. वाटणी म्हणजे वाटणी. तुझी शेतं राहू देत कोऱ्या आकाशाखाली. हा माझा अंतिम निर्णय आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
आभाळाचा मालक

ता. क. रविवारी काच घेऊन येतो. मांडीवर धरूनच आणीन, टपालावर माझा विश्वास नाही. फोटोखाली "आकाश : धाकट्या भावाकडून" असं लिहायचं, आणि तुझ्या नावाहून बारीक अक्षरात नाही.

पुन्हा ता. क. नावाचं राहू दे. कागदावर ढग उमटू लागतील, तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत मला तुझ्या शेजारी उभं राहू दे. एक शब्द बोलणार नाही.