बारा मजल्यांचं संगीत आणि तीन सॉफ्टवेअर

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नसल्यामुळे तो कागदावरच घातला आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगते की जिना उतरताना तू गुडघ्याला नावं ठेवतोस आणि चढताना जिना बांधणाऱ्याला, म्हणजे प्रकृती ठीक असावी. इकडे आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला आहे, त्यातल्या एकशे दहा पँटींना अजून बटणं लागायची आहेत, आणि हे सगळं सोडून मी तुला संगीताचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं हे विचारायला बसले आहे. का, ते तुला माहीत आहे. तरी सांगते, कारण विसरल्याचं सोंग तुला छान जमतं.

तुझ्या भाचीने नोकरी सांभाळून दोन वर्षं खपून एक व्हिडिओ गेम केला आहे. त्यात एक टपालवाला असतो, एक बारा मजली इमारत असते आणि लिफ्ट बंद असते. त्याने वरपर्यंत एक पार्सल पोहोचवायचं, एवढंच. (एवढ्यासाठी दोन वर्षं का लागली हे मी एकदाच विचारलं. पुन्हा विचारणार नाही.) हा गेम तिला एका स्पर्धेत द्यायचा आहे आणि तिथे संगीताशिवाय घेत नाहीत. यंदा निवड झाली नाही तर हा नाद सोडून देईन, असं तिने जेवताना अगदी शांतपणे सांगितलं. ती आरडाओरडा करते तेव्हा मी काळजी करत नाही, पण शांतपणे बोलली की मला जेवण जात नाही. तू पंचवीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलंस म्हणून तिने सगळ्यात आधी तुला विचारलं. त्यावर कॉम्प्युटरमधून निघतो त्याला आवाज म्हणतात, संगीत नव्हे, असं बोलून तू फोन वहिनीच्या हातात दिलास. बँड मोडल्यापासून तू क्लॅरिनेटची पेटी उघडलेली नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ते कुणी मनाला लावून घेतलं नाही. (लेकीने घेतलं. मी फक्त कळवते आहे.)

शेवटी मी म्हटलं, मी करते. बाहीला चुण्या घालता येतात तर चालीला का नाही येणार? लेकीच्या ऑफिसात एक जण आहे, त्याला सगळे ‘अपडेट’ म्हणतात, कारण तो भेटला की आधी आपलं काय काय जुनं झालंय ते सांगतो. त्याने मला नवशिक्यांसाठी म्हणून तीन सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घालून दिली. पहिल्यात पाच रेघा काढलेल्या होत्या आणि त्यांच्यावर सुरांचे ठिपके ठेवायचे होते. मी ठिपके टाक्यांसारखे एका ओळीत, सारख्या अंतरावर घातले. सुबक दिसलं. वाजवून पाहिलं तर एकच सूर चार मिनिटं ठणठणत राहिला आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी माणूस पाठवला, की पेशंट आधीच घाबरलेले असतात, तेवढं बंद करा. दुसऱ्यात तीनशे वाद्यं होती. ती ऐकण्यातच माझे पाच दिवस गेले, कापडाच्या दुकानात सगळी ठाणं उलगडायला लावून काहीच न घेणारी बाई असते ना, ती मी झाले. त्यातून ते फुकटातलं. दर अर्ध्या मिनिटाला त्यात एक बाई मंजुळ आवाजात सॉफ्टवेअरचं नाव सांगायची. बिचारा टपालवाला चौथ्या मजल्यावर अंधारात चाचपडतोय आणि बाई आपली जाहिरात करतेय.

तिसरं मला पटलं. त्यात रंगीत पट्ट्या असतात, त्या कापायच्या आणि एकापुढे एक मांडायच्या. हे म्हणजे माझ्या हातचंच काम. मी झकास कापलं, पण चाळीस वर्षांची सवय, प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडे बोटभर जादा माया सोडली. कापडात ती शिवणीत जाते, संगीतात ती तशीच राहते. गेममध्ये एकच तुकडा फिरून फिरून वाजतो म्हणे, त्यामुळे दर वीस सेकंदांनी सगळं चिडीचूप व्हायचं आणि लेक स्पीकरच्या वायरी हलवत बसायची. त्याहून मोठा घोळ बटणाचा. आपल्या शिलाई मशीनला हिरवं बटण चालू आणि लाल बंद. या सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दाबलं की ते समोरचं सगळं ऐकून साठवायला लागतं. म्हणजे मी जेव्हा जेव्हा बंद करून कामाला लागले, तेव्हा तेव्हा ते कान देऊन बसलं. महिनाभराने लेकीने उघडून पाहिलं तर संगीत सहा मिनिटं आणि दुकान एकोणीस तास.

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. पण ती एकोणीस तास ऐकत बसली आणि मग भराभर कापायला लागली. (माया न सोडता.) टपालवाला जिने पळत चढतो तिथे आता माझं मशीन वाजतं. कुलूप उघडतं तिथे कात्री. सातव्या मजल्यावर बंद दारामागे कुणीतरी तावातावाने वाद घालतंय, ते आपले बँकेतले साहेब, कंबर चार इंच वाढलीय हे कबूल न करणारे. ऐकायला चांगलं वाटतं, दादा. मी आई म्हणून सांगत नाही, गिऱ्हाईक म्हणून सांगते.

अडलंय ते बाराव्या मजल्यावर. टपालवाला घंटी वाजवतो आणि दार मिनिटभर उघडत नाही. त्या मिनिटात काय ऐकू यावं, हा प्रश्न. तर या तिन्हींपैकी कोणतं सॉफ्टवेअर त्या कामाला घ्यावं, हे तुझ्या अनुभवातून सावकाश विचार करून कळव. वहिनीस नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : सल्ला पाठवायची तसदी घेऊ नकोस. गेम मुदतीत देऊन झाला.

ता. क. २ : सोबत एक कागद आहे, तो न वाचता ठेवून देऊ नकोस. ज्याचा आवाज गेममध्ये आहे त्याची लेखी संमती अठ्ठावीस तारखेच्या आत लागते, नाहीतर गेम बाद. बँकेतल्या साहेबांनी सही दिली, कंबरेचं माप अजून देत नाहीत. आता तुझी सही हवी. दर रविवारी मी तुला दुकानातून फोन करते, हात बटणांत गुंतलेले असतात म्हणून तो स्पीकरवर टाकून कॉम्प्युटरशेजारी ठेवते. शब्दकोड्यातला अडलेला शब्द मला वाचून दाखवायला तू चष्मा शोधत घरभर फिरतोस आणि फिरताना गुणगुणतोस. तुला ते माहीत नाही. बाराव्या मजल्यावर दारामागे तेच वाजतं, आतलं माणूस काहीतरी शोधत येतंय असं, आणि मग दार उघडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बटणं लावायची थांबले, आणि मला रडू आलं, हे लिहून टाकते. खडूने खूण केली आहे तिथे सही कर. नसेल करायची तर तसं सांग, तुझा आवाज काढून मिनिटभर नुसती शांतता ठेवू. दुसरं काही तिथे घालायला लेक तयार नाही, आणि मीही नाही.

ता. क. ३ : पहिल्या रविवारी मिळालं ते जेमतेम दहा सेकंदांचं होतं, म्हणून आम्ही वहिनीला सांगितलं की चष्मा जरा लांब ठेव. तो फ्रिजमध्ये, पिठाच्या डब्यात आणि छत्रीत सापडला तो तुझा विसराळूपणा नव्हे, तेव्हा डॉक्टरकडे जायचं रद्द कर. आमचं काम मागच्या महिन्यातच झालं, हेही वहिनीला कळवलं होतं. तरी ती चष्मा अजून लपवतेच आहे. विचारलं तर म्हणाली, घरात गाणं ऐकू येतं ते तेवढ्याच वेळात.