सावळघाटात उतरवलेला नवरंग

अण्णा, आज सकाळी कॉलनीच्या बागेत वाळलेल्या पाल्यात काहीतरी खुडबुडलं आणि मी हातातला चहा तसाच धरून उभी राहिले. निघाली साळुंकी. पण तेवढ्यात मला तुमचा तो नवरंग आठवला, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायची सवय काही गेलेली नाही.

ऐंशी साल उजाडायचं होतं अजून. मी सहावी संपवून सुट्टीत घरीच होते. जून नुकता लागला होता. दुपारी तुम्ही ड्यूटीवरून आलात ते जेवणाच्या डब्याची पिशवी छातीशी धरून. कंडक्टरच्या खाकी शर्टावर घामाचे डाग, आणि पिशवीत डब्याऐवजी पाखरू. डेपोच्या भिंतीला धडकून पडलं होतं म्हणालात. मुठीएवढं, शेपूट जवळजवळ नाहीच. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी, पोट फिक्या हळदीचं आणि शेपटीखाली कुंकवासारखं लाल. "नवरंग आहे," तुम्ही सांगितलंत. मी बोटांवर मोजायला लागले तर रंग सातच भरले. तुम्ही म्हणालात, "उरलेले उडताना दिसत असतील."

स्वयंपाकघरात टोपलीखाली त्याला ठेवलं. मी तांदूळ टाकले, शेंगदाणे टाकले, भिजवलेली डाळ टाकली. ते डोळे मिटून बसून. संध्याकाळपर्यंत मान पडायला लागली तशी मी रडायच्या बेताला आले. तेव्हा तुम्ही पेठच्या रात्रीच्या मुक्कामाचं सांगितलंत. पहाटे गाडी काढायच्या आधी रानातून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू यायची. दक्षिणेकडून ते पावसाच्या तोंडावर येतं, घाटातल्या जंगलात घरटं करतं, पाऊस सरला की परत जातं. फांदीवर बसून फळं खाणाऱ्यातलं ते नाही. जमिनीवर टुणटुण उड्या मारत पाला उलटतं आणि खालचे किडे वेचतं. एवढं सांगून तुम्ही नळाखालची ओली माती उकरलीत आणि वाटीभर गांडुळं घेऊन आलात. आई स्टोव्हला पंप मारत होती. तिने वाटीत पाहिलं. "ती वाटी आता माझ्या भांड्यांत परत यायची नाही," ती म्हणाली, अगदी शांतपणे. पण टोपली थोडी उचलून धरली तिनेच. पाखराने एक गांडूळ गिळलं, मग दुसरं. वाटी पुढे कित्येक वर्षं अंगणात तुळशीपाशी होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पेठच्या गाडीत पुढच्या बाकावर बसवलंत. मांडीवर टोपली, तोंडाला आईचं जुनं फडकं बांधलेलं. शेजारी पेठकडची एक म्हातारी बसली होती. फडक्यातून डोकावून ती म्हणाली, "पावसाचं पाखरू हाय ते. उघड्यावर नको सोडू पोरी, कावळं मारतील. करवंदीच्या जाळीत सोड." सावळघाटात तुम्ही घंटी मारलीत. तिथे थांबा नव्हता. उशिराबद्दल तुम्हाला आधीच एक मेमो मिळालेला, हे ड्रायव्हरकाकांना माहीत होतं. "अण्णा, विचार कर," ते म्हणाले. तुम्ही परत घंटी मारलीत.

अर्धी गाडी खाली उतरते. म्हातारी जाळी दाखवते, मी टोपली आडवी करते. पाखरू बाहेर येऊन नुसतं उभं राहतं. मग ते एक पान उलटतं, दुसरं उलटतं, आणि करवंदीत शिरतं. थोड्या वेळाने आतून शीळ येते. तुम्ही टोपी काढून डोकं खाजवत हसता आहात. तुम्हाला इतकं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

जुलैत मेमो आलाच. उत्तरात तुम्ही लिहिलंत, "एका प्रवाशास त्याच्या गावी उतरविण्यासाठी गाडी थांबविली." डेपोच्या साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं म्हणे, सगळा डेपो हसला, आणि लेखी ताकीद देऊन त्यांनी विषय मिटवला. पण ही गोष्ट साहेबांपर्यंत पोचवली कोणी, यावरून तुम्ही ड्रायव्हरकाकांवर संशय धरलात. त्यांच्याबरोबरचा चहा बंद केलात. दिवाळीला काका स्वतः फराळाचा डबा घेऊन दारात आले. "मी नाही सांगितलं रे," एवढंच म्हणाले. तुम्ही त्यांना आत घेतलंत, पाट दिलात, पण खरं कधी मानलं नाहीत.

हा कागद आता मी घडी करून कपाटातच ठेवणार आहे, तेव्हा सांगून टाकते. साहेबांची मुलगी शाळेत माझ्याच बाकावर बसायची. शाळा उघडली त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला सगळं सांगितलं होतं, थोडं तिखटमीठ लावून. त्या दिवाळीला काकांनी चकली पुढे केली, तेव्हा मी ती घेतली आणि आत निघून गेले.